बेडकाची जन्मतारीख

“इंजिनचा नंबर?” काउंटरपलीकडच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

“हिरवी आहे,” दाखलेसाहेब म्हणाले.

काउंटरवाल्याने मान वर केली. समोर कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बगलेत फाइल अशा थाटात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. शेजारी त्यांची सून, आणि सुनेच्या कडेवर दीड वर्षाची एक मुलगी काउंटरवरच्या स्क्रूंच्या डबीकडे मोठ्या आशेने बघत होती.

“काका, मी नंबर विचारला.”

“मोठी आहे. वर बसून चालवायची. गवत कापते. पुढे दोन दिवे आहेत, त्यातला एक लागतो.”

“अहो काका, आमची हिरवी आहे हे सांगायला रोज माणसं येतात माझ्याकडे. मॉडेल, टाइप आणि कोड, असे तीन आकडे लागतात. त्यावरून इंजिन कुठलं, कधीचं ते कळतं, आणि मग डायफ्राम कुठला द्यायचा ते कळतं. नंबर नाही, तर पार्ट नाही.”

सूनबाईंनी मनातल्या मनात डोळे मिटून घेतले. कारण सासऱ्यांना असं ठणकावून सांगणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. दाखलेसाहेबांनी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेली. ‘कागद नाही, तर दाखला नाही’ हे वाक्य त्यांनी त्या खिडकीतून इतक्या वेळा म्हटलं होतं, की निवृत्तीच्या समारंभात शिपायाने भाषण म्हणून तेवढंच म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून वसाहतीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. दाखलेसाहेब म्हणजे दाखलेसाहेबच.

दुकानाबाहेर आल्यावर ते गाडीत बसले, पट्टा लावला, आणि म्हणाले, “माणूस पक्का आहे हो. मीसुद्धा हेच सांगितलं असतं.”

सूनबाईंनी किल्ली फिरवता फिरवता त्यांच्याकडे पाहिलं. अपमानसुद्धा नियमात बसत असेल तर तो आदराने स्वीकारणारा माणूस सूनबाईंच्या माहेरी एकही नव्हता.

आता ही हिरवी म्हणजे कोण, ते सांगायला हवं.

सहा बुटक्या इमारतींच्या मधोमध वसाहतीचं एक हिरवळीचं मैदान होतं, आणि त्या मैदानाचं गवत कापायला एक बसून चालवायची गाडी होती. पोरं तिला बेडूक म्हणायची, कारण ती हिरवी होती, पुढून फुगीर होती आणि बंद करताना एकदा ‘डराँव’ करून मगच थांबायची. बारा वर्षांपूर्वी, दाखलेसाहेब निवृत्त झाले त्या वर्षी, वसाहतीने ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली. चालवायला माणूस मिळेना, तेव्हा दाखलेसाहेब म्हणाले, “मी बघतो.” त्यानंतर दर रविवारी सकाळी ते डोक्याला टोपी घालून बेडकावर बसायचे आणि मैदानात अशा सरळ रेघा मारायचे, जणू कोऱ्या रजिस्टरात रकाने आखतायत. त्यांचा तो ताठ कणा आणि वळण घेताना मागे कुणीही नसताना दाखवलेला हात बघायला सूनबाई भिंगरीला घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या. भिंगरी म्हणजे तीच, स्क्रूंची डबी हेरणारी. एका जागी टिकत नाही म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव.

तर बेडूक पाच आठवड्यांपूर्वी बंद पडला. सुरू व्हायचा, खोकायचा, बसायचा. गॅरेजवाल्या मेकॅनिकने येऊन निदान केलं, की कार्ब्युरेटरमधला डायफ्राम, म्हणजे रबराचा एक पातळ पडदा, फाटलाय. “दहा मिनिटांचं काम आहे. पार्ट तेवढा आणा.” गवत मात्र त्या दहा मिनिटांसाठी थांबलं नाही. ते घोट्याच्या वर आलं, मग गुडघ्याला लागलं. आणि गवत गुडघ्याला लागलं त्याच दिवशी सूचनाफलकावर सेक्रेटरींचा कागद लागला.

‘मैदानाची निगा राखणे अशक्य झाल्याने तेथे फरशी टाकून वाहनतळ करण्याचा विचार आहे. गवत कापायचे यंत्र मोडीत काढावे. पंधरा वर्षांहून जुन्या यंत्राच्या दुरुस्तीवर समिती खर्च करणार नाही, हा नियम सर्वांस ठाऊक आहेच. सभा रविवारी सकाळी, मैदानात.’

सेक्रेटरींनी नुकतीच दुसरी गाडी घेतली होती, हे इथे कुणीही बोलून दाखवलं नाही. सगळ्यांनी फक्त आपापल्या घरात दोनदा बोलून घेतलं.

“पंधरा कुठली?” दाखलेसाहेबांनी फलकासमोर उभं राहून जाहीर केलं. “घेतली तेव्हा दोन वर्षांची होती, विकणाऱ्याने मला स्वतः सांगितलंय. दोन अधिक बारा, चौदा. नियमात बसते.”

“तोंडी सांगितलं?” सासूबाईंनी विचारलं.

“माणूस सज्जन होता.”

“एकतीस वर्षांत कुणाच्या सज्जनपणावर एक दाखला दिलात का हो तुम्ही?” असं म्हणून सासूबाई दळणाचा डबा घेऊन पुढे निघून गेल्या. बाण मारून निघून जायची ही कला सूनबाई लग्न झाल्यापासून शिकत होत्या, पण अजून त्यांचा पाय जागेवरून वेळेत हलत नसे.

सभेला पाच दिवस होते. भिंगरी नुकती धरून धरून चालायला लागली होती आणि तिला धरायला गॅलरीच्या कठड्याशिवाय काही नव्हतं. मैदानात फरशी झाली, तर ही पोरगी पडायला शिकणार कुठे, हा प्रश्न सूनबाईंना पडला होता. फरशीवर पडायला शिकत नाहीत, फरशीवर नुसतं लागतं.

नंबर शोधायला सुरुवात झाल्याची बातमी वसाहतीत पसरायला फार वेळ लागला नाही. पहिले आले पुलवाले. हे दुसऱ्या इमारतीत राहणारे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे लहान वस्तूंकडे बघायची सवय नाही. त्यांनी बेडकाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, टायर थोपटला आणि म्हणाले, “हा काय नंबर. लिहून घ्या.”

दाखलेसाहेबांनी लिहून घेतला. दोन प्रतींत.

काउंटरवाल्याने तो कागद वाचला. “काका, हे टायरचं माप आहे.”

“अस्सं.”

“टायर हवाय का?”

“नको.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सुचवलं की सीटखाली बघा. घरातली कुठलीही हरवलेली वस्तू कशाच्या तरी खाली असते. सीट उचलली, तर खरंच एक पत्र्याची पट्टी निघाली. गंजलेली, पण आकडे होते. दाखलेसाहेबांचा चेहरा असा उजळला, की सूनबाईंनी त्या पट्टीचा फोटोही काढला आणि चुकून त्यांचाही. घरातल्या घरात पार्टी झाली, म्हणजे चहा दोनदा झाला. चिरंजीवांना कामावर फोन गेला. चिरंजीव म्हणाले, “नेटवर टाकून बघा ना.” हे त्यांचं प्रत्येक बाबतीतलं योगदान असे. भिंगरी रात्रभर रडली होती तेव्हाही त्यांनी हेच सुचवलं होतं.

काउंटरवाल्याने पट्टीचा आकडा वाचला, दोनदा वाचला, आणि या वेळी त्याचा आवाज थोडा मऊ होता. “काका, हा गाडीचा नंबर. म्हणजे सांगाडा, चाकं, सीट. मला इंजिनचा पाहिजे. इंजिन वेगळ्या कारखान्यात बनतं. तुम्ही मला घर नंबर सांगताय, मी माणसाचं नाव विचारतोय.”

दाखलेसाहेबांना ही उपमा इतकी आवडली की त्यांनी ती फाइलीत टिपून घेतली.

“आणि हे बघा,” काउंटरवाला म्हणाला, “इंजिनचा नंबर चिकटवलेला नसतो, ठोकलेला असतो. बॉनेट उघडायचं, इंजिनच्या डोक्यावर पंख्याचं पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या कडेला. ठोकलेला नंबर कुठे जात नाही. पाऊस खात नाही, ऊन खात नाही. असणारच.”

घरी येऊन बॉनेट उघडलं. पंख्याचं झाकण होतं. कडा होती. आणि कडेपासून कडेपर्यंत होता तुकतुकीत, गुळगुळीत, काळजी घेतलेला हिरवा रंग. आकडा नावाला नव्हता.

दाखलेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. भिंग आणलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले. “कारखान्याने ठोकायचा राहिलाय,” ते म्हणाले. “होतं असं. आमच्याकडेही एखादं मूल बिननोंदीचं राहायचं.” आणि मग अगदी हळू, “बिननोंदीचं मूल म्हणजे फार त्रास हो. त्याला आयुष्यभर सिद्ध करत बसावं लागतं की आपण जन्मलोय.”

त्या दुपारी ते जेवले नाहीत, म्हणजे जेवले, पण पोळी मोजून वाढा म्हणाले नाहीत. सासूबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं. परिस्थिती गंभीर होती.

जेवणानंतर ते आडवे झाले. भिंगरीची मात्र दुपारची झोप त्या दिवशी रजेवर होती, म्हणून सूनबाई तिला घेऊन खाली आल्या आणि बेडकाच्या पुढ्यात, उघड्या बॉनेटच्या सावलीत बसल्या. भिंगरीच्या मुठीत एक जांभळा खडू होता. तो मेणाचा जाडजूड खडू तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची हिंमत नसे. सूनबाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा भिंगरीने इंजिनच्या झाकणाला धरून उभं राहून त्यावर मनसोक्त गिरगोटा केलेला होता.

“अगं भवाने!” सूनबाईंनी पदराने पुसायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

जांभळ्या गिरगोट्यात मधेच काही जागी खडू उठलेला नव्हता. जिथे उठला नव्हता, तिथे एक गोल होता. त्याच्या खाली आणखी एक गोल. एकावर एक दोन गोल, म्हणजे इंग्रजी आठ. शेजारी आणखी काहीतरी, आणि त्याच्या शेजारी आणखी. सूनबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. तुकतुकीत रंगाखाली, भांड्यावर कोरलेलं नाव बोटाला लागावं तसे बारीक खळगे लागले.

नंबर ठोकलेला होता. कारखाना विसरला नव्हता. नंबर रंगाखाली होता.

आणि रंग कुणी दिला होता, हे वसाहतीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वर्षातून एक आठवडा दाखलेसाहेबांचा रंगाचा असे. फाटक, बाकं, पाण्याचे नळ, कुंड्या, पत्रपेट्या आणि शेवटी बेडूक. सगळं एकाच हिरव्याने. हातचं राखून काही करायचं माहीत नाही; बेडकाचं बॉनेट उघडून आतसुद्धा, कारण ‘झाकलेलं असलं म्हणून काय झालं, आपल्याला तर माहीत असतं ना’. एकदा भिंगरीची बाबागाडी पाच मिनिटं बाकाशेजारी राहिली, तर तिचं एक चाक अजून हिरवं आहे.

सूनबाईंनी भिंगरीला मांडीवर ओढलं. हे सासऱ्यांना सांगायचं कसं? ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या जन्मतारखा जपल्या, त्याने दर वर्षी प्रेमाने, एकेक हात देऊन, एक जन्मतारीख बुजवत आणली होती.

त्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. ते उठायच्या आत आपणच रंग काढायचा, आणि “बाबा, इथे बघा, धुळीखाली होता” म्हणायचं. भिंगरीला काखोटीला मारून त्या थेट तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांचा दवाखाना दुपारी बंद असे आणि त्या दुपारी कुठल्याही गोष्टीला तयार असत.

“दातांवरचं किटण काढायचं ते तुमचं हत्यार मिळेल का?”

“कुणाच्या दातांसाठी?”

“बेडकाच्या.”

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले नाहीत. पांढरा डगला घातला, तोंडाला मास्क बांधला, छोटा आरसा, आकडी आणि एक पट्टीचा दिवा घेऊन बेडकापुढे स्टूल टाकून बसल्या. आकडी लावली. हिरवी ढलपी उडाली.

“बाप रे,” त्या म्हणाल्या. “ब्रश झालेला नाही म्हणून ओरडते मी लोकांना. इथे ब्रश फारच झालाय.”

दहा मिनिटांत सासूबाई आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; त्यांना कधीच कुणी सांगावं लागत नसे. पाठोपाठ पुलवाले आले. डॉक्टरीणबाई थरामागून थर काढत होत्या, आणि खरवडलेल्या कडेला ते थर एकावर एक असे दिसत होते, की पुलवाल्यांनी मोजायला सुरुवात केली. “सात... आठ... काय बांधकाम आहे! नऊ...”

“बारा,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाखलेसाहेब मागे उभे होते. झोपेने शर्टाची एक घडी चुरगळलेली, हातात चष्मा. ते पुढे झाले, वाकले, आणि थरांकडे आपल्याच अक्षरातली जुनी नोंद वाचावी तसे बघत राहिले.

“बारा,” ते पुन्हा म्हणाले. “मोतीबिंदूच्या वर्षीसुद्धा दिला होता. बसून.”

सूनबाईंनी तोंड उघडलं, “बाबा, धुळीखाली...” आणि मिटलं. एवढ्या हिरव्या ढलप्या पायाशी पडलेल्या असताना धूळ कुठून आणणार?

“मीच बुजवला की हो,” दाखलेसाहेब म्हणाले. मग बाही दुमडली. “ताई, जरा सरका. शेवटचा थर मला काढू द्या.”

शेवटचा थर त्यांनी स्वतः काढला, श्वास रोखून. आणि मग त्या चकचकीत पत्र्यावर तीन ओळींत आकडे उभे राहिले. स्वच्छ, खोल, एकाही जागी न झिजलेले. बारा थरांच्या खाली ते एखाद्या दुलईत झोपल्यासारखे राहिले होते.

सूनबाईंनी दुकानात फोन लावला आणि आवाज मोठा केला. मॉडेल सांगितलं, टाइप सांगितला, मग कोड. “नऊ, आठ, शून्य, पाच, दोन, तीन...”

“थांबा, थांबा,” काउंटरवाला म्हणाला. “वा! काका आहेत का तिथे? काका, या इंजिनच्या कोडमध्ये पहिले दोन आकडे वर्षाचे. पुढचे दोन महिन्याचे. त्यापुढचे दोन तारखेचे. शेवटचे कारखान्याचे.”

“म्हणजे अठ्ठ्याण्णव साल,” दाखलेसाहेब सावकाश म्हणाले. “पाचवा महिना. तेवीस तारीख.” त्यांचा आवाज बदलला. “म्हणजे ही जन्मतारीख आहे. जन्मस्थळासकट! अंगावरच! कुणी हरवू नये म्हणून!” त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. एकतीस वर्षं माणसांकडून कागद मागून थकलेल्या त्या गृहस्थांना असं वाटलं असावं, की अखेर जगात एक तरी शहाणा जन्मला, जो दाखला सोबत घेऊनच आला.

मग त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि बोटं थांबली.

“सव्वीस पूर्ण,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हिशेब आधीच झाला होता. “चौदाची तर आपल्याकडे आली तेव्हाच होती. सज्जन माणूस.”

पुलवाल्यांनी घसा साफ केला. “हे बघा दाखलेसाहेब. पार्ट तर मिळेल. पण हा आकडा सेक्रेटरींना कशाला दिसायला हवा? बारावर तेरावा थर द्या आणि मोकळे व्हा. तुम्ही आजवर चौदाच सांगत आलायत.”

सूनबाईंना ते म्हणणं अगदीच वाईट वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. गवताच्या बाजूने त्या कुठल्याही थराला जायला तयार होत्या. पण त्यांनी सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना उत्तर कळलं. कारण या घरातली एक गोष्ट त्यांना माहीत होती. चिरंजीव जन्मले ते शाळाप्रवेशासाठी ठरलेल्या शेवटच्या जन्मतारखेच्या दोन दिवस नंतर. त्या काळात बाप त्याच कचेरीच्या खिडकीत बसलेला. दोन दिवस इकडचे तिकडे करणं म्हणजे पेनाचं टोक हलवण्याचा प्रश्न. सगळे नातेवाईक सांगून थकले. बापाने पेन हलवलं नाही. चिरंजीव एक वर्ष घरी बसले आणि आयुष्यभर वर्गात सगळ्यांत उंच राहिले. चिरंजीव ती तक्रार अजून करतात. सूनबाई कधीच करत नाहीत, कारण ते एक वर्ष वाया गेलं नसतं, तर कॉलेजात त्यांच्या मागच्या बाकावर दुसरंच कुणीतरी बसलं असतं, आणि मग आज इंजिनवर गिरगोटा करायलाही कुणी नसतं.

“मी चौदा सांगितलं ते ऐकीव होतं,” दाखलेसाहेब म्हणाले. “आता मूळ पाहिलंय. मूळ पाहिल्यावर वेगळं सांगता येत नाही.” आणि भिंगरीपुढे हात पसरून म्हणाले, “बाईसाहेब, खडू देता का जरा?”

आश्चर्य म्हणजे भिंगरीने दिला. त्यांनी फाइलीतला पातळ कागद आकड्यांवर धरला आणि वरून जांभळा खडू आडवा घासला. कागदावर तिन्ही ओळी पांढऱ्या उमटल्या. नक्कल तयार झाली.

डायफ्राम त्याच दिवशी मिळाला. काउंटरवाल्याने मागच्या कप्प्यातून काढला आणि म्हणाला, “जुन्यातलं आहे म्हणून बरं. त्या पिढीत एकच पडदा सगळ्यांना बसायचा.” दाखलेसाहेबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. दोघंही खिडकीच्या आतली माणसं; त्यांना एकमेकांशी फार बोलावं लागलं नाही. शनिवारी मेकॅनिक आला. काम दहा मिनिटांचं होतं, ते दोन तास चाललं, कारण दाखलेसाहेब प्रत्येक स्क्रूचं मूळ स्थान लिहून घेत होते. शेवटी बेडूक एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग असा लागला की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

रविवारी सभा भरली. मैदानात खुर्च्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोक गुडघाभर गवतात उभे होते आणि सेक्रेटरी टेबलामागे, पँट मोज्यांत खोचून. “आता आपण सगळे बघतोच आहोत,” त्यांनी गवताकडे हात करून सुरुवात केली, “की परिस्थिती—”

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. पहिल्या इमारतीच्या कोपऱ्यावरून टोपी घातलेले दाखलेसाहेब बेडकावर बसून येत होते. घाई नाही, गडबड नाही. वळणावर त्यांनी हात दाखवला. मागे कापलेल्या गवताचा एक पट्टा पडत होता, फूटपट्टीने आखावा तसा सरळ, आणि लोक दोन्ही बाजूंना सरकत होते. पट्टा येत येत थेट सेक्रेटरींच्या टेबलापाशी थांबला. डराँव.

दाखलेसाहेब उतरले. फाइल उघडली.

“दोन निवेदनं आहेत,” ते म्हणाले. “एक. मी या गाडीचं वय चौदा सांगत होतो, ते चूक होतं. ती सव्वीस वर्षांची आहे. दोन. तिचा नंबर सापडत नव्हता, याचं कारण तो मीच बारा वेळा रंगवला. कुणाचाही दोष नाही. माझा आहे.”

दाखलेसाहेबांची चूक झाली, ही गोष्ट वसाहतीला नवी होती आणि तिचं काय करायचं कुणाला सुचेना.

“सव्वीस!” सेक्रेटरी म्हणाले. त्यांना मात्र सुचलं. “म्हणजे प्रश्नच मिटला. नियम पंधराचा.”

“बरोबर. पंधरा वर्षांहून जुन्या यंत्राच्या दुरुस्तीवर समितीने खर्च करायचा नाही. समितीने केलेला नाही. दुरुस्ती माझी मी केली. आता चालू यंत्र मोडीत काढायचा नियम कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा. असेल तर मी स्वतः नेऊन देतो.”

सेक्रेटरींनी नियमावली चाळली. मागून पुढे, पुढून मागे. पुलवाले मदतीला वाकले, म्हणजे प्रकाश अडवून उभे राहिले.

“शोधा, शोधा,” सासूबाई भिंगरीला सावरत म्हणाल्या. “आणि पंधरावरचं सगळंच काढायचं ठरलं, तर आमच्याकडूनही एक नग न्या. बहात्तरचा आहे. आवाज याहून कमी आहे, पण तेल-पाणी जास्त लागतं.”

हशा एकदा सुरू झाला तो आवरेना. त्यातच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मैदान राहावं असं कुणाकुणाला वाटतं. गवतातून इतके हात वर आले की सेक्रेटरींनी मोजायचा विचार सोडला. भिंगरीचेही दोन्ही आले, पण ते आजीच्या चष्म्यासाठी.

सभेचं इतिवृत्त लिहिताना सेक्रेटरी म्हणाले, यंत्राच्या वयाला पुरावा जोडायला हवा. ते त्यांनी खोचकपणे म्हटलं होतं. दाखलेसाहेबांना मात्र ती दिवसभरातली सगळ्यांत रास्त सूचना वाटली. त्यांनी जांभळा कागद रजिस्टरात चिकटवला, खाली लिहिलं, ‘मूळ पाहिले, बरोबर आहे’, आणि सही केली. ती लफ्फेदार सही निवृत्तीनंतर प्रथमच कुठल्या तरी कागदावर उमटत होती. सूनबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग आजोबा राहिलेलं गवत कापायला निघाले.

पुढच्या वर्षीही रंगाचा आठवडा आला. फाटक झालं, बाकं झाली, नळ झाले. बेडकाचं बॉनेट उघडलं गेलं, आणि दाखलेसाहेबांनी खिशातून काडेपेटीएवढा पुठ्ठा काढून आकड्यांवर चिकटवला. मग भोवती तोच हिरवा, एक हात. वाळल्यावर पुठ्ठा काढला. सबंध हिरव्या वसाहतीत तेवढी एकच उघडी, चकचकीत खिडकी राहिली.

भिंगरी आता त्या खिडकीत बोट घालून उभी राहते आणि आजोबा तिला वाचून दाखवतात. पाहुणे आले की विचारतात, बाळाला आकडे येतात का गं? बाळ छाती पुढे काढून सांगतं, “नऊ, आठ, शून्य, पाच, दोन, तीन.”

पाहुणे हसतात. एखाद्या मावशी समजावतात, “असं नाही राजा, एकपासून म्हणायचं.”

“चालू द्या,” आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणतात. “मूळ पाहिलंय तिने.”